प्रवेशअर्जावरची ती सही

परवा शिरूरच्या बस स्थानकावर एक जुने स्नेही भेटले. आयुष्यभर बँकेत सचोटीने नोकरी करून निवृत्त झालेले, तरुणपणी नित्यनेमाने शाखेत येणारे सद्गृहस्थ. चिरंजीव रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत अधिकारी आहेत; मात्र मुलाच्या शाळेसाठी त्यांनी आपले बिऱ्हाड पुण्यात, नगर रस्त्यालगत हलवले आहे. नातू मुलांच्या एका नामांकित कॅथलिक शाळेत पाचवीत शिकतो. सुटीत तो आजोबांकडे शिरूरला आला होता. तिन्हीसांजेला देवघरात दिवा लागला आणि आजोबांनी त्याला हात जोडायला सांगितले. त्या मुलाने कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना स्पर्श करून क्रुसाची खूण केली आणि इंग्रजीतून प्रार्थना म्हटली. अगदी डोळे मिटून, मनोभावे.

“अहो, त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेशही नव्हता,” स्नेही सांगत होते, “त्याला प्रार्थना म्हणून तेवढीच येते. आमच्या घरात तीन पिढ्यांचे देवघर आहे, आणि नातवाला शुभं करोति येत नाही! आता तुम्हीच सांगा, त्या शाळेवर मोर्चा न्यायचा की नाही?”

मी त्यांना एवढेच विचारले, “शाळेचा प्रवेशअर्ज कोणी भरला होता?”

“मुलानेच.”

“वाचून भरला होता का?”

ते काही बोलले नाहीत. तेवढ्यात पुण्याची गाडी लागली आणि आमचे संभाषण तिथेच थांबले. परंतु हा प्रश्न काही एकट्या त्या गृहस्थांचा नाही. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत आता रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांमुळे आणि रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे स्थिरावलेला मोठा मध्यमवर्ग आहे. मुलगा ‘कॉन्व्हेंट’मध्ये शिकावा ही त्याची आकांक्षा आहे, आणि मुलगा तिथे रुळल्यावर त्याच्या मनावर कोणते संस्कार होत आहेत याची चुटपुटही त्यालाच आहे. ही आकांक्षा आणि ही चुटपुट एकाच घरात नांदतात. मात्र त्यांची आपसात कधी गाठ पडत नाही. ती घालून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

शाळेने काय लपवले?

प्रथम एक गोष्ट निखळपणे मान्य केली पाहिजे. कॅथलिक शाळा आपण कॅथलिक आहोत हे लपवत नाही. प्रवेशद्वारावर क्रूस असतो, आवारात मेरीमातेचा पुतळा असतो, शाळेचे नाव एखाद्या संताचे असते आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर बहुधा एखादे फादर बसलेले असतात. अशा शाळेतील धर्मजीवनाची दोन वर्तुळे असतात. आतले वर्तुळ कॅथलिक विद्यार्थ्यांचे. त्यांच्यासाठी धर्मशिक्षणाचा स्वतंत्र तास, पवित्र मिस्सा, पापनिवेदन, प्रथम ख्रिस्तप्रसादाची आणि दृढीकरणाची तयारी, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती, ऑक्टोबरात जपमाळेची प्रार्थना, उपवासकाळाच्या आरंभी राखेचा बुधवार असा वर्षभराचा क्रम असतो. बाहेरचे वर्तुळ सर्वांसाठी. सकाळची प्रार्थना, मूल्यशिक्षणाचा तास, शाळेच्या आश्रयदात्या संताचा सण, नाताळचा कार्यक्रम आणि सेवाकार्य हे त्यात येते.

आतल्या वर्तुळाविषयी आपल्याला काहीही आक्षेप असण्याचे कारण नाही. आपल्या मुलांना आपला धर्म शिकवण्यासाठी एखादा समाज शाळा काढतो, त्यासाठी आयुष्ये वेचतो, ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे. किंबहुना आपण ती त्यांच्याकडून शिकावी अशी आहे. प्रश्न आहे तो बाहेरच्या वर्तुळाचा. कॅथलिक नसलेला मुलगा त्या वर्तुळात कोणाच्या इच्छेने उभा आहे? स्वतःच्या, पालकांच्या, की केवळ सवयीच्या?

पुण्यात ही परंपरा आजकालची नाही. जेझुइटांचे सेंट व्हिन्सेंट हायस्कूल 1867 सालचे, पाषाणचे लोयोला 1961 सालचे. शिरूरहून पुण्यात शिरताना नगर रस्त्यावर रामवाडीला भावी धर्मगुरूंना घडवणारे विद्यापीठ लागते. तिथले पेपल सेमिनरी 1955 साली श्रीलंकेतील कँडीहून पुण्यात आले. जवळच जेझुइटांचे जे महाविद्यालय आहे, त्याला नाव आहे रॉबर्ट डी नोबिली यांचे. सतराव्या शतकाच्या आरंभी मदुराईत संन्याशाच्या वेषात राहून धर्मप्रचार करणाऱ्या इटालियन जेझुइटाचे! चर्च किती दूरवरचा विचार करते, आपल्या पूर्वसुरींची स्मृती कशी जपते, हे त्या एका पाटीवरून कळते. आपण त्या पाटीसमोरून रोज जातो. ती वाचत मात्र नाही.

चर्चचे नियमही उघड आहेत. 1983 च्या धर्मसंहितेतील 803 वे कलम सांगते की, कॅथलिक शाळेतील शिक्षण कॅथलिक सिद्धांतांच्या पायावर उभे असले पाहिजे. त्याच संहितेचे 748 वे कलम असेही सांगते की, कोणाच्या सदसद्विवेकाविरुद्ध त्याला कॅथलिक श्रद्धा स्वीकारण्यास भाग पाडणे केव्हाही अयोग्य आहे. दोन्ही वाक्ये एकाच ग्रंथात आहेत. शाळेला पहिल्या वाक्याचा विसर पडत नाही. तिला दुसऱ्याची आठवण करून देणे हे पालकाचे काम आहे. आणि ते काम आपण करत नाही.

‘त्यात काय बिघडले?’

इथे आपल्यातलाच एक सुशिक्षित वर्ग हसून म्हणतो, “म्हटली एखादी प्रार्थना तर त्यात काय बिघडले? देव एकच आहे. शेवटी सगळे मार्ग त्याच्याकडेच जातात ना?”

हे औदार्य आपल्या मातीतले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. शिरूरमध्येच त्याचा एक अपूर्व दाखला आहे. इंग्रजी फौजेचा कर्नल विल्यम वॉलेस 1809 साली शिरूरला मरण पावला. त्याच्या न्यायी वागण्याची लोकांच्या मनावर अशी छाप होती की, त्याच्या थडग्याला ‘सत्पुरुषा’चे स्थान मिळाले. शिरूरचे आणि आसपासच्या खेड्यांतले बहुतेक हिंदू तिथे पूजा करीत, सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य नेत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या 1885 च्या गॅझेटिअरमध्ये आहे. परधर्मी, परदेशी आणि तोही राज्यकर्त्यांच्या फौजेतला. तरी चांगुलपणा दिसला तिथे आपला शेतकरी वाकला. ज्या समाजाचे मन असे आहे, त्याला शाळेच्या भिंतीवरच्या क्रुसाचे भय वाटण्याचे काहीच कारण नाही.

परंतु त्या शेतकऱ्याचे वाकणे आणि आपल्या नातवाचे वाकणे यांत एक मूलभूत भेद आहे. शेतकरी आपल्या मनाने वाकला होता. दहा वर्षांच्या मुलाला कोणी विचारले नव्हते, आणि ज्याला विचारायला हवे होते त्या बापाने न वाचता सही केली होती. श्रद्धेने वाकणे ही संस्कृती. न विचारता वाकवले जाणे ही निव्वळ शिस्तीची सवय. दोन्हींना एकच नाव देणे ही सहिष्णुता नसून आळस आहे.

शिवाय ‘सर्व मार्ग एकाच ठिकाणी जातात’ ही हिंदूंची धारणा आहे. ती कॅथलिक चर्चची धारणा नाही. त्यांची धारणा वेगळी असण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पण मग आपले औदार्य त्यांच्यावर लादून ‘तेही तसेच मानतात’ अशी स्वतःची समजूत घालून घेणे हे त्यांच्याशीही अप्रामाणिकपणाचे आणि स्वतःशीही. सर्व प्रार्थना खरोखरच सारख्या असतील, तर रोजच्या परिपाठात त्या मुलाच्या घरची एखादी प्रार्थना कधीतरी ऐकू यायला काय हरकत आहे? हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर मिळेल तेव्हा ‘सारखे’ या शब्दाचा अर्थ कळेल.

घटनेने दिलेली किल्ली

आपल्या राज्यघटनेने अल्पसंख्याकांना अनुच्छेद 30 अन्वये आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार दिला. या अनुच्छेदाची चर्चा अखंड चालू असते. बाजूनेही आणि विरोधातही. पण त्याच्या दोनच घरे अलीकडे एक अनुच्छेद आहे, त्याचे नावही आपल्या पालकांना ठाऊक नसते. तो अनुच्छेद 28. त्याचा तिसरा खंड स्पष्ट सांगतो की, राज्याची मान्यता असलेल्या किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत, तिथे दिल्या जाणाऱ्या धार्मिक शिक्षणात किंवा तिथल्या धार्मिक उपासनेत भाग घेण्याची कोणालाही सक्ती करता येणार नाही. त्यासाठी त्या व्यक्तीची संमती हवी; आणि ती अज्ञान असेल, तर तिच्या पालकाची.

घटनाकारांनी शाळेच्या हाती संस्थेचे कुलूप दिले, तशी पालकाच्या हाती संमतीची किल्ली दिली. कुलपाविषयी सात दशके तक्रार करणाऱ्या आपल्या समाजाने किल्ली मात्र खिशातून कधी काढलीच नाही.

ही गोष्ट आज सुचलेली नाही. तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने 1954 साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा विदर्भ त्याच राज्यात होता आणि राजधानी होती नागपूर. समितीचा अहवाल 1956 साली आला. आपल्या वर्तुळात नियोगी समितीचा उल्लेख भाषणाभाषणांतून होतो. पण तिची एक साधी, कारकुनी वाटणारी शिफारस कोणी सांगत नाही. पालकांच्या स्पष्ट संमतीशिवाय मुलांना धर्मशिक्षण देऊ नये, ही घटनेची तरतूद प्रत्यक्षात यावी म्हणून शिक्षण खात्याने संमतीचे योग्य नमुने ठरवावेत आणि ते सर्व शाळांना उपलब्ध करून द्यावेत, अशी ती शिफारस होती. एक छापील कागद! ना बंदी, ना मोर्चा, ना दंडुका. एका कागदाने पालकाला विचार करायला लावले असते आणि शाळेलाही उत्तरदायी केले असते. माझ्या पाहण्यात आलेल्या प्रवेशअर्जांत गणवेशाची, बसभाड्याची आणि शुल्काची कलमे बारीक टंकात पानभर होती. धार्मिक उपासनेच्या संमतीसाठी स्वतंत्र रकाना मात्र कुठे दिसला नाही. ‘शाळेचे सर्व नियम व परंपरा मला मान्य आहेत’ या एका ओळीत सारे सामावलेले. त्या ओळीखाली आपली सही.

चर्चच्या धुरीणांनाही हे कळते. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या शिक्षणविभागाने एप्रिल 2024 मध्ये आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. देशभरातील सुमारे 14,000 शाळा या परिषदेच्या कक्षेत येतात. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, संविधानाची उद्देशिका दर्शनी भागात लावावी, सकाळच्या परिपाठात विद्यार्थ्यांकडून तिचे वाचन करून घ्यावे आणि शक्य तिथे सर्व धर्मांसाठी प्रार्थनेची खोली असावी, असे त्यांत सांगितले आहे. या सूचनांचे खुल्या मनाने स्वागत केले पाहिजे. त्याचबरोबर, आपल्या मुलाच्या शाळेत त्यांचे काय झाले, हे शाळेत जाऊन नम्रपणे विचारले पाहिजे. किती पालकांनी विचारले?

कायद्याचा तराजू

पालकाच्या आळसाइतकाच कायद्याचा कलही तपासण्यासारखा आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतील सुमारे 74 टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नसलेले होते. केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात 1958 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थेत बाहेरच्या विद्यार्थ्यांचा ‘शिडकावा’ झाल्याने तिचे स्वरूप बदलत नाही, असे म्हटले होते. चारातले तीन विद्यार्थी बाहेरचे असतील तर त्याला शिडकावा म्हणायचे की पाऊस?

हे विद्यार्थी कोणी पळवून नेलेले नाहीत. आपणच रांगेत उभे राहून त्यांना तिथे नेले आहे. त्याबद्दल शाळेला दोष देणे अन्यायाचे होईल. पण राज्याला एक प्रश्न विचारता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या प्रमती निकालाने अनुदानित आणि विनाअनुदानित दोन्ही प्रकारच्या अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून सूट मिळाली. म्हणजे शेजारच्या हिंदू संस्थेच्या खासगी शाळेने दुर्बल घटकांसाठी 25 टक्के जागा द्यायच्या, आणि बहुसंख्य हिंदू मुलेच शिकत असलेल्या अल्पसंख्याक शाळेने द्यायच्या नाहीत! यात गरिबाच्या मुलाचे, मग तो मातंग असो, धनगर असो की गरीब ख्रिस्ती असो, कोणते हित साधते? सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, या निकालाच्या अचूकतेविषयी शंका व्यक्त करून तो विषय सरन्यायाधीशांकडे पाठवला. जो प्रश्न आपण ‘धार्मिक’ म्हणून मांडतो, तो मुळात समान न्यायाचा आहे हे यातून दिसते. तो त्याच भाषेत मांडला तर न्यायालयही ऐकते.

केडगावचा धडा

दौंडहून पुण्याकडे निघालेली गाडी वाटेत केडगावला थांबते. दौंड तालुक्यातल्या या गावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. ते कॅथलिक नाही आणि मुलांची शाळाही नाही. तरी आजच्या प्रश्नाचे मूळ जाणून घ्यायचे असेल तर तिथे उतरावेच लागते.

रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. उच्चवर्णीय विधवांसाठी ही शाळा होती आणि तिथे धर्मप्रचार होणार नाही असे आश्वासन होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे तिच्या सल्लागार मंडळावर होती. परंतु स्वतः रमाबाई ख्रिस्ती झालेल्या. त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे असे, आणि ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येऊन बसत. मी कोणाला बोलावत नाही, पण येणाऱ्याला अडवणारही नाही, ही रमाबाईंची भूमिका. ‘केसरी’ने त्यावर झोड उठवली. 1893 साली सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी आपल्या मुली सदनातून नेल्या. पुढे दुष्काळात सापडलेल्या मुलींना घेऊन रमाबाई केडगावला स्थिरावल्या.

उघडे दार म्हणजे संमती का? अज्ञान मुलीने ‘यावेसे वाटले’ म्हणणे पुरेसे का? पालकाला विचारले होते का? सव्वाशे वर्षांपूर्वीचे हेच प्रश्न आज शिरूरच्या देवघरात उभे आहेत. टिळकांनी आश्वासनभंगाचा प्रश्न विचारला तो योग्यच होता, असे मी मानतो. पण सदनातून परत आणलेल्या त्या मुलींचे पुढे काय? त्यांना वाचायला कोण शिकवणार होते? या प्रश्नाला वर्तमानपत्रातल्या अग्रलेखात उत्तर नव्हते.

ते उत्तर एका अबोल गणिताच्या प्राध्यापकाने दिले. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 सालीच विवाह केला तो शारदा सदनात शिकलेल्या विधवेशी, गोदूबाईंशी. त्यासाठी त्यांच्या मुरूडच्या समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे डगमगले नाहीत. 1896 साली त्यांनी हिंदू विधवांसाठी आश्रम काढला. 1900 मध्ये तो हिंगण्याला गेला. आणि 1916 मध्ये त्यातूनच महिला विद्यापीठ उभे राहिले. शारदा सदनाविरुद्ध लिहिलेले अग्रलेख आज अभ्यासकांपुरते उरले आहेत. कर्व्यांनी लावलेल्या रोपाच्या सावलीत मात्र लाखो मुली शिकून गेल्या. आक्षेप आवश्यक असतो, पण तो पुरेसा नसतो. ज्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला ते आपलेच होते, हेही विसरून चालणार नाही.

आधी आपले घर

म्हणून मोर्चाची भाषा मला मान्य नाही. नाताळच्या कार्यक्रमात घुसून मुलांच्या डोक्यावरच्या लाल टोप्या काढणे, फादरांना दमदाटी करणे, शाळेच्या फाटकावर घोषणा देणे यात कसलेही शौर्य नाही. त्याने मुले भेदरतात, समाजाची मान खाली जाते आणि मूळ प्रश्न बाजूलाच पडतो. ज्या शाळेत आपण देणगी देऊन, ओळखी काढून मुलाला घातले, तिच्यावर दगड मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तराजूही एकच हवा. नाशिकच्या एका मराठी शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला, म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने 2013 साली त्याच्या बाजूने निर्णय दिला आणि हात जोडण्याची सक्ती मूलभूत अधिकारांच्या विरोधात ठरवली. अनेकांना तो निर्णय रुचला नाही. पण नीट विचार करा. ज्या अनुच्छेदाने त्या शिक्षकाला वाचवले, तोच अनुच्छेद आपल्या नातवाचेही रक्षण करतो. आपल्या संस्थांच्या शाळांत शिकणाऱ्या ख्रिस्ती, मुस्लीम, बौद्ध मुलांच्या पालकांना आपण कधी संमती विचारली आहे का? नसेल, तर उद्यापासून विचारावी. दुसऱ्याकडे मागायचे ते आधी आपल्या घरी द्यावे, म्हणजे मागण्याला वजन येते.

आणि शाळेने प्रार्थना शिकवली ही तक्रार करताना, घराने का शिकवली नाही याचे उत्तर कोण देणार? मुलाचे वडील रात्री नऊला घरी येतात, आई नोकरी करून थकते, आजी-आजोबा शिरूरला आणि संध्याकाळ दूरचित्रवाणीच्या किंवा मोबाइलच्या स्वाधीन. रिकाम्या पात्रात जो ओतेल त्याचे पाणी भरणार. कॅथलिक मुलाच्या घरी जपमाळ होते, रविवारी सारे कुटुंब मिस्साला जाते. म्हणून त्याच्या शाळेतल्या धर्मशिक्षणाला घराचा आधार असतो. आपल्या मुलाच्या मनात जागा मोकळी राहिली ती शाळेने केली नाही, आपण ठेवली.

राहिला प्रश्न चांगल्या शाळेचा. पालक फादरांच्या शाळेकडे धाव घेतात ते क्रुसाच्या ओढीने नव्हे. शिस्त, इंग्रजी, मैदान आणि वेळेवर वर्गात येणारा शिक्षक यांच्या ओढीने. 1880 साली चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले तेव्हा त्यांनी मिशन शाळांना नुसती नावे ठेवली नाहीत. त्यांच्या तोडीस तोड शाळा उभी केली. आपल्याच परिसरात, शिरूर तालुक्यातील पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकण्याचा एक नवा मार्ग खेड्यातल्या मुलांना दाखवला. माणूस ठरवतो तेव्हा काय होते, ते पाहायला परदेशात जावे लागत नाही.

एक कागद

मग उद्या सकाळी करायचे काय? शाळा सोडा, असे मी म्हणणार नाही. मुलगा जिथे आहे तिथे सुखाने शिको. पण पालकाने एक कागद लिहावा. तो असा:

‘माझा पाल्य आपल्या शाळेतील सर्व शैक्षणिक उपक्रमांत उत्साहाने सहभागी होईल. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 28(3) अन्वये कळवितो की, धार्मिक शिक्षण व धार्मिक उपासना यांत त्याने सहभागी होण्यास माझी संमती नाही. त्या वेळेत त्याला वर्गात वा वाचनालयात शांतपणे बसू द्यावे, ही नम्र विनंती.’

खाली सही, तारीख, आणि आपल्या प्रतीवर कार्यालयाची पोच. ज्याला संमती द्यायची असेल त्याने तीही लेखी आणि आनंदाने द्यावी. ते स्वातंत्र्यही त्याचेच आहे. एकट्या पालकाने असा कागद दिला तर मुलगा वर्गात एकटा पडेल, ही भीती खरी आहे. म्हणून वीस पालकांनी मिळून जावे, मुख्याध्यापकांची वेळ घेऊन जावे, आणि बोलताना आवाज चढू देऊ नये. मुलालाही सांगून ठेवावे की, मित्र प्रार्थना म्हणत असतील तेव्हा आदराने स्तब्ध उभे राहायचे; चेष्टा करायची नाही. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या तीन ख्रिस्ती भावंडांना न्याय दिला, कारण राष्ट्रगीत न म्हणताही ती मुले आदराने उभी राहत होती. आपल्या श्रद्धेवर ठाम राहून दुसऱ्याचा मान राखण्याचा तो वस्तुपाठ आहे. तो ख्रिस्ती मुलांनी दिला म्हणून कमी मोलाचा ठरत नाही.

शासनाकडेही आपली मागणी नेमकी असावी. नियोगी समितीने 1956 साली सुचवलेला संमतीचा नमुना राज्याच्या प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेच्या प्रवेशअर्जाला जोडावा. मग ती शाळा फादरांची असो, मौलवींची असो की आपली. एवढ्या साध्या मागणीला कोणता लोकप्रतिनिधी नाही म्हणेल?

त्या स्नेह्यांना मी हे सारे नंतर पत्राने कळवले. त्यांचे उत्तर चार ओळींचे आले. चिरंजीवांनी अर्जाची प्रत शोधून पहिल्यांदाच नीट वाचली. शाळेला पत्र दिले. मुख्याध्यापक फादरांनी ते शांतपणे वाचून पोच दिली. शेवटची ओळ त्यांनी खाली अधोरेखित केली होती: नातू आता दर शनिवारी दूरध्वनीवर आजोबांकडून एक एक श्लोक पाठ करतो.

मोर्चा निघाला नाही, याची त्यांना आता खंत वाटत नसावी.